रिकामटेकडा आणि सुखवस्तु

दोन माणसें दिवसभर कांहीं काम करीत नाहींत. इंग्रजी भाषा एकाला 'आयडल' म्हणते, दुसऱ्याला 'लेझर्ड'. पहिल्या विशेषणांत निंदा आहे, दुसऱ्यांत आदर. मराठींतहि एक रिकामटेकडा ठरतो व दुसरा सुखवस्तु. हा भेद कसा पडला, हें त्या इंग्रजी शब्दांचा इतिहास पाहिल्यास कळतें.

'आयडल' या शब्दाचा मूळ अर्थ 'रिकामा' एवढाच. इ. स. १००० च्या सुमारास बायबलाचा कांहीं भाग जुन्या इंग्रजींत उतरविला गेला. त्यांत सृष्टीच्या आरंभींच्या ओसाड पृथ्वीला हेंच विशेषण लाविलेलें आहे. पुढें तें रिकाम्या हातांच्या माणसाला लागलें आणि त्यास आळसाचा डाग चिकटला. इंग्लंडांतील १८२४ च्या भटक्यांविषयींच्या कायद्यानें तर त्या विशेषणाला गुन्ह्याचें स्वरूप दिलें. भिकारी या कायद्यानें 'आयडल' ठरला. परंतु परवान्यावांचून गांवोगांव माल विकणारा फेरीवालाहि तसाच ठरला! ओझें वाहून दिवसभर पायपीट करणाऱ्या त्या माणसाला एक महिन्यापर्यंत सक्तमजुरी देतां येत असे.

'लेझर', म्हणजे फुरसत, हा शब्द फ्रेंचमार्गें लॅटिनमधून आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ 'मुभा असणें' असा आहे. परवाना या अर्थाचा 'लायसन्स' हा शब्दहि त्याच धातूपासून निघाला. फुरसत म्हणजे मुळांत परवानगी.

जमिनीच्या खंडावर जगणाऱ्या उमरावाला ही परवानगी जन्मतःच असे. मजुराला ती कायद्यानें मिळवावी लागली. १८४७ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुलें यांच्या कामाचा दिवस १० तासांचा ठरविला. १८७१ मध्यें बँकांच्या सार्वजनिक सुट्यांचा कायदा झाला, आणि १९३८ मध्यें पगारी रजेचा. तत्पूर्वीं १९३२ मध्यें बर्ट्रांड रसेल यांनीं चार तासांच्या कामाचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला, आणि त्याच्या मथळ्यांत मुद्दाम निंदेचाच शब्द घेऊन त्याची स्तुति केली.

काम न करणें दोघांचें सारखेंच होतें. अंतर होतें तें परवानगीचें. कोणाला आळशी म्हणण्यापूर्वीं एवढें तरी पाहावें कीं, त्याच्या विसाव्याला परवानगी देणारा कोण होता, आणि नाकारणारा कोण.