पडदा विझला, तरी वीज शिल्लक असते!

कासुर्डी (ता. दौंड), प्रतिनिधी – यंत्राचा मुख्य खटका बंद केला, तरी ड्राइव्हच्या पडद्यावरील आकडे काही काळ तसेच दिसत राहतात. मग एखादा त्रुटी-संदेश क्षणभर उमटतो आणि पडदा विझतो. लाकडावर नक्षी कोरणारे छोटे सीएनसी यंत्र प्रथमच हाताळणाऱ्याला हा बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे. मात्र त्याचा अर्थ ठाऊक नसेल, तर अपघात ओढवू शकतो.

संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे या परिसराला नवी नाहीत. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ मध्ये अमेरिकेतील 'एमआयटी'च्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. आता देव्हारे, जाळीची दारे व नावाच्या पाट्या कोरणारी लहान यंत्रे हौशी कारागिरांच्याही आवाक्यात आली आहेत. त्यांतील कोरणारे हत्यार फिरवणाऱ्या मोटरीला 'स्पिंडल' म्हणतात आणि तिचा वेग सांभाळतो तो 'व्हीएफडी' ड्राइव्ह.

आकडे का रेंगाळतात?

घरगुती २३० व्होल्ट वीज ड्राइव्हमध्ये शिरताच एकदिश होते व सुमारे ३२५ व्होल्ट दाबाने कपॅसिटरमध्ये साठते. या साठ्यातूनच ड्राइव्ह स्पिंडलसाठी थ्री फेज वीज तयार करतो. बहुतेक लहान ड्राइव्हमध्ये पडद्यालाही याच साठ्यातून वीज मिळते. त्यामुळे स्पिंडल थांबलेले असताना खटका बंद केला, तर पडदा बराच वेळ उजळलेला राहतो. फिरत असताना वीज गेली, तर साठा लवकर संपतो. जाता जाता उमटणारा संदेश बहुधा 'दाब कमी झाला' एवढेच सांगतो. तोच संदेश काम चालू असताना वारंवार येऊ लागला, तर पुरवठ्याचा दाब व वायरींचे सैल जोड तपासावेत.

पडदा विझला म्हणजे साठा संपला, असे मात्र नाही. पडद्यापुरती वीज उरली नसली, तरी धोकादायक दाब शिल्लक असू शकतो. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेला वेळ, साधारणतः पाच ते दहा मिनिटे, थांबावे आणि कपॅसिटरच्या दोन्ही टोकांमधील डीसी दाब मीटरने मोजावा.

आकडा म्हणजे वेग नव्हे

पडद्यावरील ४०० हा आकडा सहसा हर्ट्झमध्ये असतो. दोन ध्रुवांच्या स्पिंडलसाठी त्याचा अर्थ मिनिटाला २४ हजार फेरे. परंतु अनेक ड्राइव्हमध्ये स्पिंडल थांबलेले असताना हाच आकडा लुकलुकतो. तो केवळ ठरवून दिलेला वेग असतो. याउलट, ड्राइव्हने वीज तोडून स्पिंडलला मोकळे सोडले, तर पडद्यावर शून्य दिसत असतानाही हत्यार वेगाने फिरत असू शकते. हात घालण्यापूर्वी डोळ्यांनी हत्यार पाहावे, पडदा नव्हे.

खटका कोठे, केव्हा?

मुख्य खटक्याने स्पिंडल चालू-बंद करण्याची सवय घातक ठरते. रिकामे कपॅसिटर भरताना येणारा विजेचा लोंढा रोखण्यासाठी ड्राइव्हमध्ये एक रोधक असतो. वारंवार चालू-बंद केल्यास तो तापून जळू शकतो. चालू-बंदची आज्ञा ड्राइव्हच्या नियंत्रण टर्मिनलांतूनच द्यावी. ड्राइव्ह व स्पिंडल यांच्यामध्ये खटका बसवू नये. चालू भार तोडल्यास ड्राइव्हचे पॉवर ट्रान्झिस्टर निकामी होऊ शकतात. आणीबाणीच्या बटणाने स्पिंडलबरोबर यंत्राची सरकही थांबली पाहिजे. अन्यथा थांबलेले हत्यार लाकडात रेटले जाऊन मोडते.

वीज परत आली की...

विहिरीवरील पंपाला 'ऑटो स्विच' का लावतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रात्री-अपरात्री वीज आली, की पंप आपोआप सुरू होतो. हीच सोय कोरीवकामाच्या यंत्रावर जिवावर बेतू शकते. चालू ठेवण्याचा खटका दाबलेलाच राहिला असेल आणि ड्राइव्हच्या मांडणीत तशी मुभा असेल, तर वीज परतताच स्पिंडल फिरू लागते. नेमके त्याच वेळी कोणी हत्यार बदलत असेल तर?

उपाय जुनाच आहे. वीज गेली की सुटणारा आणि बटण पुन्हा दाबल्याशिवाय न जोडणारा कॉन्टॅक्टर मुख्य पुरवठ्यावर बसवावा, तसेच ड्राइव्हमधील आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडून अर्थिंगसह करून घ्यावे. वीज गेल्यावर हत्यारापाशी जाण्याआधी मुख्य खटका आपल्या हाताने बंद करण्याची सवय मात्र ज्याची त्यानेच लावून घ्यायला हवी.