फेंगड्या पायांचा खोटा आळ

अंबडमध्ये लेक बाळंतपणाला माहेरी आली की तिला तीन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. बाळाला पाय फाकवून कडेवर घेऊ नकोस, पाय फेंगडे होतील. अंगाला बांधून फिरू नकोस, पाठीला बाक येईल. आणि सारखं जवळ घेऊ नकोस, एकदा हाताची सवय लागली की भाकरी थापायलाही उसंत मिळणार नाही. सांगणाऱ्या बायकांनी चार-चार लेकरं वाढवलेली असतात आणि त्या मायेपोटीच सांगतात. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकण्याजोगं नाही, तपासून पाहण्याजोगं आहे. तपासल्यावर मात्र तिन्हीपैकी एकही टिकत नाही आणि बाळाच्या जिवाला खरा धोका कुठे आहे, ते सांगायचंच राहून जातं.

पहिला आक्षेप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत पक्का. त्यामागे निरीक्षण आहे, हे मान्य करायला हवं. मूल वर्षाचं होऊन चालायला लागतं तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापाशी बाहेर झुकलेले दिसतात. त्याआधी ते महिनोन् महिने कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतं. मग कडेमुळेच पाय वाकले, असा निष्कर्ष निघतो. उपायही तयार असतो. मालिश करणारी बाई बाळाचे पाय ओढून सरळ करते, टाचेला टाच जुळवते आणि दुपट्यात पाय काठीसारखे सरळ ठेवून घट्ट गुंडाळते.

पण जी मुलं कडेवर क्वचितच बसली, त्यांचेही पाय त्या वयात तसेच असतात. गर्भाशयात जागा अपुरी, म्हणून पाय दुमडलेले. जन्मानंतर तो बाक राहतो आणि साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आपोआप जातो. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे उलट एकमेकांना घासू लागतात आणि सात वर्षांच्या आसपास पाय सरळ होतात. हा वाढीचा क्रम आहे, दुपटं घट्ट बांधल्याने तो बदलत नाही. दोन वर्षांनंतरही बाक वाढत गेला, किंवा एकच पाय वाकडा दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. अशा वेळी मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा हाडांचा आजार, हे कारण असू शकतं. मराठवाड्यात ऊन भरपूर असलं तरी तान्हं बाळ बहुतेक वेळ घरात आणि कपड्यांत असतं. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायला सांगते. दोष कडेवर ढकलला की हे थेंब विसरले जातात, आणि या गैरसमजाचा हाच मोठा तोटा आहे.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट, खुब्याचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. नवजात बाळात ही वाटी उथळ असते, बरीचशी कूर्चेची असते आणि पहिल्या काही महिन्यांत ती घडते. हाडाचं डोकं वाटीच्या मधोमध टेकून राहिलं तर वाटी खोल होते. ते मधोमध केव्हा टेकतं? मांड्या वर उचललेल्या आणि बाजूला पसरलेल्या असतात तेव्हा, म्हणजे मूल कडेवर बसतं नेमकं तेव्हा. पाय ओढून सरळ जुळवले की तेच डोकं वाटीच्या काठाकडे सरकतं.

याचा पुरावा जपानने दिला आहे. तिथे तान्ह्या बाळांचे पाय सरळ राहतील अशा बेताने लंगोट आणि कपडे गुंडाळले जात. खुबा निखळलेली मुलं हजारी अकरा ते पस्तीस इतकी आढळत. १९७५ च्या सुमारास इशिदा या अस्थिरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने देशभर मोहीम निघाली. पाय सरळ बांधू नका, मोकळे दुमडू द्या, एवढंच त्यात सांगितलं होतं. पुढे हे प्रमाण हजारी दोनच्या खाली आलं. उत्तर अमेरिकेतल्या नावाहो लोकांतही, जिथे बाळाला फळीवर पाय सरळ ठेवून बांधत, निखळलेले खुबे जास्त आढळले होते. तेव्हा आजीची कड निर्दोष आहे. चूक आहे ती घट्ट दुपट्याची. दुपटं वाईट नाही. छातीपाशी गुंडाळा, पण कमरेखाली इतकं सैल ठेवा की बाळाला बेडकासारखे पाय दुमडता येतील.

पाठीच्या बाकाबद्दल फार लिहायला नको. नवजात बाळाचा कणा मुळातच एकाच कमानीत वळलेला असतो. मान धरल्यावर मानेचा आणि बसू-उभं राहू लागल्यावर कमरेचा उलटा बाक तयार होतो. अंगाशी धरल्याने बाक येत नाही. पाठीला आधार मिळाला, म्हणजे झालं.

‘हाताची सवय’ मात्र आईच्या मनाला लागते, म्हणून तिथे थांबतो. कॅनडात माँट्रियलला हुंझिकर आणि बार या डॉक्टरांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही आयांना बाळाला रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ, ते रडत नसतानाही, अंगावर घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ही बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. घरातल्या बायकांचा अंदाज याच्या अगदी उलट असतो. सहा आठवड्यांच्या जिवाला सवय लावण्याचं वय झालेलं नसतं. त्याला भूक लागते, तशी जवळीक लागते.

इथवर बांधून नेण्याची बाजू घेतली. पण बांधण्याला विरोध करणाऱ्यांकडे एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर नाही, तो मान्यच करावा लागतो. तो म्हणजे गुदमरण्याचा. २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने झोळीसारख्या कॅरिअरबद्दल इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत अशा झोळ्यांशी जोडलेले १४ मृत्यू त्यांनी तपासले होते आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. कारणं दोन. कापड किंवा आईचं अंग नाका-तोंडावर दाबलं गेलं तर एक-दोन मिनिटांत श्वास कोंडतो. दुसरं कारण जास्त फसवं आहे. बाळ झोळीच्या खोलगट भागात गोळा होऊन पडतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासनलिका दबते. बाळाला रडताही येत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं, छान झोप लागली.

हे वाचताना मला आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आठवतात. फडाच्या कडेला झाडाला जुन्या लुगड्याची झोळी, त्यात दोन महिन्यांचं लेकरू, आणि आई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे. त्या माउलीला दोष द्यायची कुणाची प्राज्ञा नाही. कामाच्या जागी पाळणाघर नसेल तर तिने करावं काय? पण झोळीत धोका नाही, असं म्हणता येणार नाही. झोळीतलं बाळ नजरेआड नको, आणि त्याची हनुवटी छातीला टेकलेली नको.

आता दुसरी बाजू. विकतचं कॅरिअर घेतलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असं नव्या पिढीतले पुष्कळ आईबाप समजतात. नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या मंदिराच्या पायऱ्यांवर दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. एका आजीच्या कडेवर नातू बसलेला असतो. त्याचे गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या तिच्या कमरेला पुढून-मागून कवटाळलेल्या, तोंड मोकळं. पुढच्या पायरीवर एका तरुण बापाच्या छातीला कॅरिअर असतं. त्यातलं चार महिन्यांचं बाळ गर्दीकडे तोंड करून लटकलेलं, दोन मांड्यांच्या मध्ये वीतभरही रुंद नसलेली पट्टी, पाय सरळ खाली लोंबणारे, झोपेत मान पुढे पडलेली. सांध्याच्या आणि श्वासाच्या दृष्टीने यात आजीच बरोबर आहे, आणि महाग वस्तू तिच्याकडे नाही.

म्हणून कॅरिअर घेताना आधी बैठक पाहा. कापडाची रुंदी बाळाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पुरली पाहिजे आणि बाळ वाढेल तशी ती वाढवता आली पाहिजे. वजनाची किमान मर्यादा वाचा. बऱ्याच कॅरिअरवर ती साडेतीन किलोच्या आसपास असते, आणि आपल्याकडे जन्मतः अडीच किलोच्या आतली बाळंच शंभरात अठरा आहेत. परदेशी बाळाच्या मापाची वस्तू आपल्या पंधरा दिवसांच्या लेकराला बसेलच असं नाही. इतक्या लहान बाळाला बक्कल नको, आईच्या उघड्या छातीची ऊब हवी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दोन किलोच्या आतल्या बाळांवर झालेला या उघड्या छातीशी धरण्याच्या, म्हणजे कांगारू पद्धतीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला आहे. ती पद्धत परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

साडीने बांधायचं असेल तर सुती साडी घ्या. सिंथेटिकची गाठ सरकते. मऊ म्हणून जुनं लुगडं आवडतं, पण ते उजेडाकडे धरून कुठे विरलंय का ते पाहा. बाळ उभं आणि इतक्या उंचीवर असावं की मान किंचित झुकवली तर त्याच्या टाळूचा मुका घेता येईल. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं शिरली पाहिजेत. अंगावर पाजलं असेल तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा वर सरकवा. पदर त्याच्या तोंडावरून घेऊ नका, बाहेर ऊन कितीही असो. मे महिन्यात दोन अंगांची उष्णता एकत्र येते, तेव्हा बाळाला एकच पातळ झबलं पुरे. चुलीपाशी, उकळत्या चहापाशी, विहिरीवर बाळाला बांधून जाऊ नये. पाठीवर घ्यायचं ते मूल आधाराशिवाय बसू लागल्यावरच.

राहिला मोटारसायकलचा विषय. अंबड-जालना रस्त्यावर कॅरिअरमधलं बाळ घेऊन जाणारी जोडपी रोज दिसतात. कुणाला हटकलं तर झाशीच्या राणीच्या पुतळ्याचं उदाहरण मिळतं. पुतळ्यात राणीच्या पाठीला बांधलेला तिचा दत्तक मुलगा दामोदरराव १८५८ साली आठ-नऊ वर्षांचा होता, तान्हा नव्हता. कॅरिअर चालण्यासाठी बनतं. अपघाताचा धक्का ते पेलत नाही, उलट बाळ मोठ्या माणसाच्या अंगाखाली चिरडलं जातं. १५ फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचित झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ४० किलोमीटरच्या आत हवा. तान्ह्या बाळाला घेऊन जायचंच असेल तर एसटीने जा.

आणि एक विनंती. मुलगी असेल, पायाळू जन्मली असेल किंवा घरात कुणाचा खुबा निखळलेला असेल, तर दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना खुबे तपासायला आवर्जून सांगा. एक मांडी कमी फाकत असेल किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरला सुरू झाला. त्यात तपासायच्या नऊ जन्मदोषांमध्ये खुब्याचा हा दोष आहे, आणि त्याचा उपचार सरकारी खर्चाने होतो.