लिनक्समधील ‘परमिशन डिनाइड’ : एका नकाराचा इतिहास

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर विनातक्रार बसवले जावे आणि ते सुरू करताच ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश उमटावा, हा लिनक्स वापरणाऱ्यांचा परिचित अनुभव आहे. भंडारा, तुमसर, साकोली यांसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांत संगणक प्रयोगशाळेची देखभाल बहुधा अध्यापकांनाच करावी लागते. त्यामुळे या नकाराचा इतिहास केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

युनिक्समधील परवानगीची कल्पना १९७१ इतकी जुनी आहे. फाईलचा मालक, त्याचा गट आणि इतर, अशा तीन वर्गांना वाचन, लेखन व कार्यान्वयन यांचे अधिकार देणारी रचना पुढे स्थिरावली. कोणास काय द्यावे हे मालक ठरवी. ‘रूट’ मात्र सर्व नियमांच्या वर. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सने हीच रचना स्वीकारली.

या रचनेतील उणीव उघड होती. रूटचा ताबा गेला की सर्वस्व गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये खुल्या केलेल्या एसई-लिनक्सने प्रत्येक फाईल व प्रक्रियेस लेबल लावले आणि रूटलाही धोरणाच्या अधीन आणले. २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ गाभ्यात समाविष्ट झाले. नोव्हेंबर २००४ च्या फेडोरा कोअर ३ मध्ये ते मुळातच सक्रिय होते.

संघर्ष येथूनच सुरू झाला. २००७ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ वर ओरॅकल १०जी सुरू करताना ‘कॅनॉट रिस्टोअर सेगमेंट प्रॉट आफ्टर रीलॉक’ असा संदेश येई. मालकाचे अधिकार पूर्ण असत. सीएचमॉड आज्ञेचा उपयोग होत नसे. कारण निराळे होते. ज्या लायब्ररीचा संकेत स्मृतीत कोठेही चालेल अशा रीतीने बांधलेला नसतो, तिच्यात लोडरला ऐनवेळी बदल करावा लागतो. बदललेला संकेत पुन्हा कार्यान्वित होणे, हेच तर घुसखोराचे तंत्र! धोरणाने ते नाकारले. म्हणजे दोष पहारेकऱ्याचा नव्हे, लायब्ररीच्या बांधणीचा होता.

उपाय दोन होते. त्या एकाच लायब्ररीस ‘टेक्स्टरेल’ प्रकारचे लेबल द्यावे, अथवा संपूर्ण एसई-लिनक्स बंद करावे. दुसरा उपाय सोपा, म्हणून सर्वत्र रूढ झाला. आणि तोच घातक ठरला. एका सॉफ्टवेअरसाठी प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांचे कवच उतरवले जाई. शिवाय यंत्रणा बंद असताना निर्माण झालेल्या फाईलींना लेबल लागत नाही. ती पुन्हा सुरू करताना सर्व फाईलींची लेबले नव्याने लावावी लागतात. वस्तुतः ‘परमिसिव्ह’ अवस्थेत काहीही न रोखता केवळ नोंद होते आणि ऑडिट नोंदवहीतून नेमका अडथळा कळतो. सामान्य वापरकर्त्यास ही नोंद उलगडून सांगणारे ‘सेट्रबलशूट’ हे साधन २००६ च्या फेडोरा कोअर ६ मध्ये आले.

मे २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये केवळ कॉन्फिगरेशन फाईलमधून एसई-लिनक्स पूर्णतः बंद करण्याची सोय काढून टाकण्यात आली. त्यासाठी आता यंत्र सुरू होतानाच गाभ्यास तशी सूचना द्यावी लागते. ‘परमिसिव्ह’ अवस्था मात्र पूर्वीप्रमाणेच उपलब्ध आहे.