जिओकॅश लपवायचा कुठे? जागा निवडताना काय पाहतात

जिओकॅशिंग हा जीपीएसच्या मदतीने खेळला जाणारा शोधाशोधीचा खेळ आहे. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर द्यायचे आणि इतरांनी मोबाइल घेऊन तो शोधायचा. डब्यात एक छोटी वही असते. डबा सापडला की तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. इथल्या ‘कॅश’चा पैशांशी काही संबंध नाही, ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला आहे.

खेळाचा जन्म नेमका सांगता येतो. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांमध्ये अमेरिका मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. ती २ मे २००० रोजी बंद झाली आणि सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र एकाएकी कितीतरी पट अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लॅस्टिकची बादली ठेवली आणि तिचं स्थान इंटरनेटवर जाहीर केलं. बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि आत इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबाही होता. आजच्या नियमांनुसार ती मंजूरच झाली नसती. जमीन खणायला मनाई आहे आणि डब्यात खाद्यपदार्थ ठेवायलाही, कारण वासाने जनावरं येतात. त्या बादलीचा शेवट गवत कापणाऱ्या यंत्राखाली झाला, असं सांगितलं जातं.

डबा लपवणाऱ्याला वाटतं, आपलं काम सापडू नये अशी जागा शोधण्याचं आहे. प्रत्यक्षात डबा सापडण्यासाठीच ठेवलेला असतो. त्यामुळे जागेची खरी परीक्षा वेगळीच आहे. अनोळखी माणसं पुढची काही वर्षं तिथे येऊन, वाकून, दगड हलवून, झुडपांत हात घालून शोधणार आहेत. हे त्या जागेला, तिच्या मालकाला आणि शेजाऱ्यांना चालणार आहे का?

संशयाचा प्रश्न

ब्रिटनमधल्या वेस्ट यॉर्कशरच्या वेदरबी या गावात जुलै २०११ मध्ये एका कॅफेबाहेर कुणीतरी फुलझाडांच्या कुंडीखाली काहीतरी करताना दिसलं. पोलिसांना फोन गेला, रस्ता बंद झाला, आसपासच्या इमारती रिकाम्या केल्या गेल्या. लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने ती वस्तू नियंत्रित स्फोटाने उडवली. तो जिओकॅशचा छोटा डबा होता.

डबा लपवणाऱ्याने नियम मोडले असोत वा नसोत, तिथे चूक जागेची होती. भर वस्तीत, लोकांच्या नजरेसमोर, बघणाऱ्याला काहीच अर्थ लागणार नाही अशी हालचाल करावी लागली, तर संशय येणारच. रेल्वे स्थानकावर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ अशी घोषणा रोज ऐकणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच शाळा, विमानतळ, लष्करी ठाणी, सरकारी कार्यालयं आणि महत्त्वाचे पूल यांच्या जवळपास डबा ठेवत नाहीत. अमेरिकेत चालू रेल्वेमार्गापासून साधारण ४६ मीटर अंतर राखावं लागतं. डबा आतलं दिसेल असा पारदर्शक असावा आणि बाहेर ‘जिओकॅश’ असं ठळक लिहिलेलं असावं, हे साधे उपाय आहेत. पण वाईट जागा त्यांनी चांगली होत नाही. खेळाबाहेरच्या माणसांना खेळाडू हॅरी पॉटरमधला शब्द घेऊन ‘मगल’ म्हणतात. मगल लोकांना सुगावा न लागण्यात मजा आहे खरी, पण ती बागेतल्या बाकावर. बँकेच्या दारात नाही.

मालकाची परवानगी

सार्वजनिक जागा म्हणजे कुणाचीच नसलेली जागा नव्हे. उद्यान महापालिकेचं असतं, जंगल वनखात्याचं, माळरान एखाद्या शेतकऱ्याचं. डबा ठेवण्याआधी ज्याची जागा त्याला विचारणं ही लपवणाऱ्याची जबाबदारी आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. अशा ठिकाणांसाठी ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे. त्यात डबा नसतोच. त्या जागेचं भूशास्त्र पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. लोणारच्या विवरासारख्या जागेला हाच प्रकार शोभेल, अर्थात तिथेही परवानगी घेऊनच.

महाराष्ट्रात नवा डबा लपवणाऱ्याला पहिला मोह किल्ल्यांचा होतो. जुन्या तटबंदीच्या सांध्यातली फट डबीच्या मापाचीच वाटते. पण एकाने डबी सरकवली की मागून येणारे पन्नास जण शेजारची प्रत्येक फट चाचपणार, चिरे हलवून बघणार. संरक्षित स्मारकाच्या बांधकामात काही खुपसायचं नाही, यावर चर्चेला जागाच नसावी. कड्याकपारींमध्ये आग्या मोहोळंही असतात. गडाच्या वाटेवर, वास्तूपासून दूर आणि परवानगीची जागा मिळाली तर ठीक. नाहीतर गड सोडून द्यावा.

पायवाटा, पाऊस आणि अंतर

येणारे लोक रुळलेली वाट सोडून सरळ रेषेत डब्याकडे जातात आणि काही महिन्यांत गवतात नवी पायवाट दिसू लागते. म्हणून डबा मळलेल्या वाटेपासून हाताच्या अंतरावर असलेला बरा. पक्ष्यांची घरटी, वारुळं आणि झाडांच्या ढोल्या टाळायच्या. ढोलीत साप असू शकतो, हे शोधणाऱ्याला हात घातल्यावर कळून उपयोग नाही. झाडाला खिळा ठोकणंही नियमांत बसत नाही.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये किंवा दाट झाडीत तो बराच भरकटतो. लपवणाऱ्याचा आणि शोधणाऱ्याचा, असे दोन्ही मोबाइल चुकले तर शोधाचं वर्तुळ मोठं होतं आणि तेवढी जागा तुडवली जाते. त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी नोंद घेऊन सरासरी काढायची पद्धत आहे.

पावसाळ्याचा विचार आपल्याकडे आधी करायला हवा. ओढ्याकाठचा उन्हाळ्यातला सुंदर खडक जुलैमध्ये पाण्याखाली असतो आणि भेगेतल्या डब्यातली वही लगदा होते. चार महिने त्या जागेपर्यंत पोहोचता येतं का, हे एका पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, इतकं अंतर लागतं. जागा पक्की करण्याआधी नकाशावर आसपासचे डबे बघून घ्यावेत. मात्र अनेक टप्प्यांच्या किंवा कोड्याच्या खेळातले डबे नकाशावर खऱ्या जागी दिसत नाहीत, त्यामुळे मोकळी वाटणारी जागाही नाकारली जाऊ शकते. प्रत्येक नवा डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक तपासतात. जागा किती अवघड आहे याचे एक ते पाच गुणही लपवणाऱ्यानेच द्यायचे असतात. जमिनीच्या अवघडपणासाठी एक गुण दिला, तर तिथे चाकाची खुर्ची पोहोचायला हवी.

सहलीला गेलेल्या गावी डबा ठेवून परतणाऱ्यांचे प्रस्ताव सहसा फेटाळले जातात. वही भरते, झाकण फुटतं, डबा चोरीला जातो; कुणीतरी जाऊन ते पाहावं लागतं. म्हणून घरापासून किंवा रोजच्या वाटेपासून जवळची जागा बरी. निदान वीसेक डबे स्वतः शोधून झाल्यावरच पहिला लपवावा, असा सल्ला दिला जातो. खेळ कायमचा बंद करायचा ठरला, तर संकेतस्थळावरची नोंद मिटवणं पुरेसं नाही. डबाही जागेवरून उचलून आणावा लागतो.