स्वमग्न मुले आणि सरकारी तिजोरी

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी घरे नांदत आली आहेत. रायपुरातील अशा एखाद्या घरातले मूल दोन-अडीच वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर भिडवीत नाही, खेळण्यातील मोटारीचे चाक तेवढे तासन् तास फिरवीत बसते, असे आढळले म्हणजे त्या घरात एकाच अवस्थेची तीन नावे ऐकू येऊ लागतात. डॉक्टर ‘ऑटिझम’ म्हणतात, हिंदी सरकारी कागदावर ‘स्वपरायणता’ असे छापलेले असते, आणि मराठी पुस्तकांत ‘स्वमग्नता’ हा शब्द आढळतो. हा मराठी शब्द कानाला गोड आहे, पण थोडा फसवा आहे. स्वमग्न म्हटल्यावर समाधी लावून बसलेला योगी किंवा तंद्रीत हरवलेला कवी डोळ्यांपुढे उभा राहतो. वास्तविक अशा पुष्कळ मुलांना भोवतालचे जग नकोसे असते असे नव्हे. त्या जगातील आवाज, उजेड आणि स्पर्श यांचा मारा त्यांना झेपत नाही, आणि माणसांच्या बोलण्यातील न बोललेला भाग त्यांना उमगत नाही.

नावाची ही चर्चा केवळ भाषेच्या हौसेखातर नाही. सरकारी तिजोरीतला पैसा नाव विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही. प्रत्येक खर्चाला एक लेखाशीर्ष लागते, लेखाशीर्षाला कायद्याचा किंवा योजनेचा आधार लागतो, आणि त्या आधारात लाभार्थ्याचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे लागते. ज्या दुःखाला नाव नाही त्याला अंदाजपत्रकात जागा नाही. स्वमग्न मुलांच्या उपचारावरील सरकारी खर्चाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या नामकरणाचा इतिहास आहे.

१९४३ साली बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण करून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स अॅस्पर्गर यांनी तत्सम मुलांविषयी लिहिले. योगायोग असा की, त्याच १९४४ साली मुंबईत वकील या पारशी दांपत्याने आपल्या दिना नावाच्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसाठी शाळा काढली. रायपूर त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. मनाच्या व्याधींवर सरकार जो खर्च करी तो मुख्यतः १८६४ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळासारख्या संस्थांवर. १९१२ च्या कायद्याचा रोख अशा माणसांना सुरक्षित कोंडून ठेवण्यावर होता. मुलाला बोलावयास, जेवावयास, खेळावयास शिकविणे ही गोष्ट त्या व्यवस्थेच्या कल्पनेतही नव्हती.

पश्चिमेकडेही सरकार लवकर पुढे आले असे समजण्याचे कारण नाही. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही समजूत तिथल्या विद्वानांत कित्येक वर्षे रूढ होती. या समजुतीने मातांचे जे हाल झाले त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा आर्थिक परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. दोष घरातलाच ठरला की राज्याचे देणे उरत नाही! १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ही उपपत्ती खोडून काढली. हे गृहस्थ स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. लंडनमध्ये १९६२ साली आणि अमेरिकेत १९६५ साली पालकांनी संघटना उभारल्या. अमेरिकेत १९७५ साली सर्व अपंग मुलांना सरकारी खर्चाने शिक्षण देण्याचा कायदा झाला; त्यात या अवस्थेचा स्वतंत्र वर्ग १९९० साली आला. दिल्लीत ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली निघाली, तीही एका आईच्या पुढाकाराने.

भारतात १९९५ साली अपंगांच्या समान संधीचा कायदा संमत झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजून सांगितले होते आणि त्या सातांत स्वमग्नता नव्हती. सवलत हवी असेल तर मूल मतिमंद म्हणून दाखवावे, हाच मार्ग उरला. ज्याची बुद्धी शाबूत आहे अशा स्वमग्न मुलाला तोही बंद होता. ही उणीव भरून काढण्यासाठी ३० डिसेंबर १९९९ रोजी राष्ट्रीय न्यासाचा कायदा अस्तित्वात आला आणि त्यात ऑटिझमचे नाव प्रथमच ठळकपणे आले. त्यानंतर दहा महिन्यांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड राज्य जन्मास आले. रायपुरातील नव्या सचिवालयाला नाव असलेला कायदा आयताच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

नाव मिळाले, पैसा किती मिळाला? केंद्र सरकारने न्यासाला एकदाच शंभर कोटी रुपयांचा निधी द्यावा आणि त्याच्या उत्पन्नावर काम चालवावे, अशी कायद्यातच तरतूद आहे. व्याजाचा दर शेकडा ८ धरला तर वर्षाला आठ कोटी रुपये होतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या मतिमंदत्वाच्या रकान्यात सुमारे १५ लाख माणसे होती, आणि ऑटिझमला तर स्वतंत्र रकानाच नव्हता. त्या १५ लाखांतच आठ कोटी वाटले तरी माणशी वर्षाला ५३ रुपये पडतात. न्यासाला पुढे योजनांसाठी सरकारी अनुदानही मिळत गेले, हे खरे. परंतु मूळ कल्पना किती तुटपुंजी होती हे या साध्या भागाकारावरून कळते.

२००८ पासून न्यासाने ‘निरामय’ ही आरोग्यविम्याची योजना चालविली. वार्षिक मर्यादा एक लाख रुपयांची. आगाऊ वैद्यकीय तपासणीची अट नाही. उपचारसत्रांचा खर्चही ठराविक मर्यादेपर्यंत मान्य. खाजगी कंपन्या अशा मुलांना दारातही उभ्या करीत नव्हत्या, हे लक्षात घेता ही योजना म्हणजे मोठेच पाऊल होय. परंतु विम्याचा स्वभाव आणि या उपचाराचा स्वभाव यांचे मुळात जमत नाही. विमा अवचित संकटासाठी असतो: हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, बिल चुकते झाले. स्वमग्न मुलाचा उपचार हा शिक्षणासारखा आहे. वाचोपचार, हातापायांच्या व इंद्रियांच्या कामाचा सराव, वर्तनाचे शिक्षण, हे सारे आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे चालावे लागते. कॅलिफोर्नियातील लोवास यांनी १९८७ साली आठवड्याला चाळीस तासांच्या शिक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यांच्या पद्धतीवर आणि तासांच्या संख्येवर वाद चालू आहे. पण हे काम तासांत मोजावयाचे आहे, गोळ्यांत नव्हे, याविषयी दुमत नाही. शिवाय आधी पदरचे भरा आणि मग पावत्या पाठवा, ही रीत ज्याच्या पदरी काही आहे त्यालाच सोसते. आयकरातील वजावटीचेही तसेच. ती कर भरणाऱ्याला मिळते; कराच्या मर्यादेखाली जगणाऱ्या हमालाला किंवा शेतमजुराला तिचा उपयोग काय?

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. छत्तीसगडात त्याची फिरती पथके ‘चिरायु’ या नावाने ओळखली जातात. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, दोष आढळल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावे, अशी योजना आहे आणि तिच्या यादीत ऑटिझमही आहे. कल्पना उत्तम आहे. तथापि शोधणे आणि शिकविणे यांत मोठे अंतर आहे. एक पथक दिवसभरात पुष्कळ मुले तपासू शकते. एका वाचोपचारतज्ज्ञाच्या दिवसात मात्र मोजकीच सत्रे बसतात. तपासलेल्या मुलांचा आकडा अहवालात शोभून दिसतो, त्यामुळे तपासणीला पैसा मिळणे सोपे जाते.

२०१६ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरले. रायपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरील राजनांदगाव येथे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र सुरू झाले. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी प्रमाणपत्रासाठी ग्राह्य धरण्यात आली. वर्षअखेर नवा कायदा संमत झाला. त्यात सातांचे एकवीस प्रकार झाले आणि स्वमग्नतेला हक्काचे स्थान मिळाले. मात्र त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात पुनर्वसनाच्या सेवा शासनाने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत द्याव्यात, असे शब्द आहेत. कायद्याचे मसुदे वाचण्याची सवय असलेल्या माणसाची नजर अशा शब्दांवर थबकते. कुवत किती, हे ज्याचे देणे तोच ठरविणार! समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजांच्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद झाली, म्हणजे दिवसाला दहा रुपयांहूनही कमी. राजनांदगावला मुलाला घेऊन जाऊन परत यावयाचे तर मजुरी बुडते ती निराळीच.

ही मुले थोडी आहेत असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणची मुले तपासली गेली, आणि दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदांची संख्या जाहीर करून भरती करण्यास फर्माविले. मंजूर पद ही सरकारी व्यवस्थेतील विलक्षण टिकाऊ वस्तू आहे. योजना येतात आणि जातात. पदाचा पगार मात्र दरसाल अंदाजपत्रकात येतोच, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचाराला असाच पैसा मानवतो. अडचण एवढीच की, हा शिक्षक शाळेच्या फाटकाशी उभा आहे आणि मूल तिथे सहाव्या वर्षी पोहोचते. ज्या वयात शिकविण्याचा लाभ अधिक होतो, त्या वयात ते अंगणवाडीत असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने मूल ओळखावे, त्याला इतरांत सामावून घ्यावे आणि गरज पडल्यास पुढे पाठवावे, असे तीत सांगितले आहे. पुढे जे शिकवावयाचे, त्यासाठी अंगणवाडीत वेगळे पद नाही.