पहिली आज्ञा कोण देतो?

शाळेच्या संगणककक्षातला अनुभव बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा असेल. बटन दाबले, दिवा लागला, पंखा फिरू लागला, पडद्यावर काही अक्षरे उमटली आणि यंत्र तिथेच थांबले. पुन्हा बटन, पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणते, "सगळे पुसून नव्याने भरा." या सल्ल्यापायी आमचे आठ महिन्यांचे काम जाता जाता वाचले. ती हकीकत शेवटी सांगू. आधी हे पाहू, की सुरू होताना संगणक नेमके काय करतो आणि ते करायला तो कसा शिकला. बिघाड शोधण्याची रीत या इतिहासातच दडलेली आहे.

संगणक आज्ञावलीवाचून काहीच करू शकत नाही. आज्ञावली बाहेरून स्मृतीत आणायची, तर आणण्याचे कामही आज्ञावलीच करणार. मग ही पहिली आज्ञावली कोण आणणार? इंग्रजीत अशक्य कामासाठी एक जुना वाक्प्रचार आहे : आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे. संगणक 'बूट होतो' हा शब्द तिथून आला.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या चमूने बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालवली. हे कोडे तिथे डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने सोडवले. त्याने अवघ्या ३१ आज्ञांचा एक संच रचला. त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत तसल्या फिरत्या स्विचांवर तो तारांनी कायमचा जोडून टाकला होता. बटन दाबले की या आज्ञा स्मृतीत जात आणि छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून पुढची आज्ञावली वाचू लागत. थोडक्यात, पहिली पायरी यंत्रातच घडवलेली होती. तिच्यावर उभे राहून दुसरी चढायची.

ही कायमची पायरी नसेल तर काय होते, हे १९७५ च्या आल्टेअर ८८०० या घरगुती संगणकावरून कळते. त्याला ना कळफलक होता, ना पडदा. पुढच्या फळीवरचे स्विच वरखाली करून आज्ञा एकेक करून भरायच्या. पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स यांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली. तिची कागदी पट्टी घेऊन अ‍ॅलन अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की पट्टी वाचणारी आज्ञावली लिहायचीच राहिली आहे! ती त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. स्विच वापरताना एका आज्ञेत एक जरी चूक झाली, तरी पट्टी नीट वाचली जात नसे आणि चूक कुठे झाली हे सांगणारेही कुणी नसे.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने ही उणीव भरून काढली. वीज गेली तरी न पुसणाऱ्या रॉम स्मृतीत त्याची पहिली आज्ञावली होती आणि ती आधी स्वतःचीच तपासणी करी. प्रक्रियक ठीक आहे का? रॉममधल्या आकड्यांची बेरीज जुळते का? स्मृतीत लिहिलेले तसेच परत वाचता येते का? सारे ठीक असेल तर 'पीं' असा एक छोटा आवाज होई. आवाजच का? कारण पडदा चालतो की नाही याची अजून खात्री झालेली नसते. जे साधन तपासायचे आहे त्याच्यावरच निरोप लिहून कसे चालेल? पडदा हाती आल्यावर मग आकडे दिसत : ३०१ म्हणजे कळफलकात दोष, ६०१ म्हणजे फ्लॉपीच्या भागात. तपासणी संपली की रॉम चकतीवरचे पहिले ५१२ बाइट स्मृतीत आणी आणि सूत्रे त्यांच्या हाती देई. ते पुढचा मोठा भाग आणत, तो विंडोजसारखी कार्यप्रणाली आणी, आणि ती ध्वनी, छपाई, जाळे यांचे चालक, म्हणजे त्या त्या भागाला हाताळणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, आणी.

यातून दुरुस्तीचा पहिला नियम निघतो. यंत्र ज्या पायरीवर थांबले, तिच्या पुढच्या पायऱ्यांवर संशय घेऊ नये. त्यांची पाळी अजून आलेलीच नाही.

दुसरा नियम गणिताचा आहे. समजा, सुरुवातीला १६ चालक स्मृतीत येतात आणि त्यांपैकी एक दोषी आहे. एकेक वगळून पाहिले तर १५ वेळाही यंत्र सुरू करावे लागेल. त्याऐवजी निम्मे वगळावे. यंत्र सुरळीत सुरू झाले तर दोषी वगळलेल्या आठांत आहे, नाही तर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. चार खेपांत गुन्हेगार सापडतो. मात्र दोन चालकांचे एकमेकांशी वाकडे असेल तर ही रीत फसवते, हेही लक्षात ठेवावे. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये एफ-८ ही कळ दाबली की सुरुवातीची एकेक ओळ विचारून विचारून चालवता येई. १९९५ च्या विंडोजमध्ये 'सेफ मोड' आला. त्यात फक्त अत्यावश्यक चालक घेऊन यंत्र उभे राहते. इथे ते उभे राहिले आणि नेहमीच्या रीतीने नाही, तर दोष बहुधा वगळलेल्या गोष्टींत असतो.

पण दोषी दिसतो तोच खरा दोषी, असे नेहमी नसते. १९९८ मध्ये एएमडीचे के६-२ हे ३५० मेगाहर्ट्झचे प्रक्रियक बाजारात आले. त्यांवर विंडोज ९५ सुरू होतानाच कधी कधी कोसळे. इंटेलच्या त्या वेळच्या यंत्रांवर तसे होत नसे. मग प्रक्रियकच सदोष, असे वाटणे साहजिक होते. खरे कारण निराळे निघाले. यंत्र किती वेगवान आहे हे मोजण्यासाठी विंडोज एक रिकामे आवर्तन ठरावीक वेळा फिरवून पाही आणि लागलेल्या वेळेने भाग देई. के६-२ ही आवर्तनाची आज्ञा फारच चपळाईने उरकत असे. समजा, दहा लाख फेऱ्या आणि प्रत्येकीला एक स्पंद. सेकंदाला ३५ कोटी स्पंद असतील, तर सगळे काम सुमारे ३ सहस्रांश सेकंदात आटोपते. मोजायला वेळच इतका थोडा उरे, की भागाकार फसे आणि यंत्र थांबे. लिहिणाऱ्याने इतक्या वेगाची कल्पनाच केली नव्हती. पुढे प्रक्रियकांचा वेग २.१ गिगाहर्ट्झच्या वर गेला, तेव्हा असाच दोष इतर यंत्रांवरही उघड झाला. गुन्हा पाहुण्याचा नव्हता. घराचे दारच ठेंगणे होते.

अगदी अलीकडचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी एक सदोष फाइल जगभर धाडली. ती वाचताना स्मृतीत नसलेल्या जागी हात घातला जाई आणि विंडोज कोसळे. ही आज्ञावली सुरुवातीलाच चालणारी, म्हणून यंत्र पुन्हा सुरू केले तरी पुन्हा तेच. कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली, पण जे यंत्र उभेच राहत नाही ते दुरुस्त फाइल घेणार कशी? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे अडकली. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय जुनाच होता : यंत्राजवळ जायचे, सेफ मोडमध्ये उभे करायचे, ती एक फाइल पुसायची.

आता आमची हकीकत. आम्ही संशोधक विद्यार्थी होतो तेव्हा मोजमापाच्या उपकरणाला एक जुना संगणक जोडलेला होता. ऐन पावसाळ्यात तो रुसला. कधी विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत येऊन निळ्या पडद्यावर थांबे, तर काही सकाळी पडदा काळाच राही आणि नुसता लांब 'पीं पीं' आवाज येई. "विंडोज बिघडले, चकती पुसून नव्याने भरा," असा निकाल लागला. आठ महिन्यांची मोजमापे त्याच चकतीवर होती आणि दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. पुसायच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एकीने विचारले, "विंडोज जर चकतीवर आहे, तर चकतीचा दिवा लागण्याआधीच यंत्र ओरडते कशाने?" या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हते. वीज काढून खोके उघडले. स्मृतीच्या पट्टीच्या पिवळ्या टोकांवर दमट हवेने काळसर थर धरला होता. शाळेतल्या साध्या खोडरबराने तो हलकेच घासून काढला, पट्टी घट्ट बसवली आणि यंत्र सुरू झाले. त्या दिवशी आम्ही आधी सगळ्या मोजमापांची प्रत काढली, मगच चहा घेतला.

आपल्या वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना संगणक सुरू होताना फक्त पाहायला आणि ऐकायला सांगावे : दिवे कोणत्या क्रमाने लागतात, आवाज कधी होतो, पडद्यावर आधी काय उमटते. हा क्रम वहीत लिहून तो कक्षाच्या भिंतीवर लावावा. पुढे यंत्र अडेल, तेव्हा "बिघडले" एवढेच न सांगता "चौथ्या पायरीवर थांबले" असे मुले सांगतील. मग दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम झालेले असेल, आणि चकती पुसण्याची घाई कुणी करणार नाही.