उपचारानंतरची वाट

पणजीच्या वैद्यक विद्यालयाचा आरंभ १८४२ सालचा. त्याचा अभिमान गोमंतकीयांस वाटतो आणि तो सार्थच आहे. तथापि कर्करोगाने ग्रासलेल्या पेडणे वा डिचोली महालातील माणसाला दीर्घकाळ जी वाट धरावी लागली, ती मुंबईस, परळकडे जाणारी होती. तेथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच्या दाराशी जो रस्ता आहे त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे. हे रुग्णालय ज्यांनी नावारूपास आणले त्यांत बोर्जिस अग्रणी होत.

वाट मात्र सोपी नव्हती. १९५५ च्या नाकेबंदीने बोटीचा व आगगाडीचा मार्ग खुंटला. १९६१ च्या मुक्तीनंतर तो पुन्हा मोकळा झाला. कोकण रेल्वे पेडण्यावरून पूर्णपणे धावू लागली ती १९९८ साली. एवढ्या लांबून गेलेला रुग्ण शस्त्रक्रिया व किरणोपचार घेऊन परतला, की पुढचे काय? हा प्रश्न आपल्याकडेच नव्हे, सर्वत्रच उशिरा विचारला गेला.

मुंबईत १९५१ साली डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. रुग्णांना हातचे काम शिकवून पुन्हा उभे करण्याचे पुनर्वसन-कार्य तिने हाती घेतले, हा या दिशेचा महत्त्वाचा प्रारंभ म्हणावा लागेल. अमेरिकेत फिट्झह्यू मुलन या स्वतः कर्करोगातून वाचलेल्या वैद्याने १९८५ साली प्रतिपादिले की, रोग बरा झाला वा न झाला एवढ्याने माणसाची कथा संपत नाही. उपचार संपल्यावर भय, थकवा व अनिश्चितता यांचा एक स्वतंत्र कालखंड सुरू होतो.

या कालखंडात योग्य सल्ल्यावाचून काय घडते? स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्या की हाताला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून त्या हाताने जड काही उचलू नये, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. विहिरीची घागर उचलणाऱ्या, कुळागरात राबणाऱ्या स्त्रीला याचा अर्थ काय, हे सांगणे नलगे. घरचे लोक मायेनेच तिला बसवून ठेवीत. मायेचा अतिरेकही कधी पांगळे करतो. २००९ साली अमेरिकेत, आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवीत व्यायाम केल्याने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. मुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्यांची गोष्ट याहून निराळी. त्यांचा जबडा आखडतो आणि तो उघडण्याचा व्यायाम नेटाने करावा लागतो. घरी परतल्यावर तो रोज करवून घेणारे कोणी हवे.

नुसता लेखी सल्ला पुरतो काय? याचे उत्तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मिळाले. बहुतांशी कॅनडा व ऑस्ट्रेलियातील, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. एका गटास पुस्तिका दिली. दुसऱ्यास तीन वर्षे एक मार्गदर्शक, ज्यास आज हेल्थ कोच म्हणतात, तो लाभला. स्वतःस जमेल तो व्यायाम निवडावा, तो कसा वाढवावा, खंड पडल्यास पुन्हा कसा आरंभावा, हे त्याने पाहायचे. आठ वर्षांनंतर पुस्तिकेच्या गटात सुमारे ८३ टक्के हयात होते, मार्गदर्शकाच्या गटात ९० टक्के. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी मात्र दुसऱ्या गटात काहीशा अधिक झाल्या, हेही नोंदविले पाहिजे.

असा मार्गदर्शक वैद्य नव्हे. गाठ पुन्हा जाणवली, वजन अकारण घटले, तर रुग्णास वेळ न दवडता तज्ज्ञाकडे धाडणे हाच त्याचा धर्म. आणि पेडण्याच्या वा डिचोलीच्या घरात त्याने कोकणीत वा मराठीत बोलावे, पेजेच्या वाडग्यापासून आहाराचा विचार करावा, जत्रेच्या दिवशी किती चालावे हेही सांगावे. देवळाची अग्रशाळा अशा साप्ताहिक भेटीला का उपयोगी पडू नये? तेथे जागा आहे, सावली आहे आणि घरातून बाहेर पडण्यास संकोचणाऱ्या स्त्रीला तेथे जाण्याचे कारण कोणास सांगावे लागत नाही.